न मोजलेली पेज

दादाला मधुप्रमेह झालाय हे आधी मोरीतल्या मुंग्यांना कळलं, मग आम्हाला आणि शेवटी डॉक्टरांना. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो रत्नागिरीला कचेरीत कारकून होता, मी शाळेत गणिताचा मास्तर. बायकामुलं खाडीपलीकडे पावस गावी, आंब्याच्या कलमांच्या राखणीला. आम्ही दोघं शहरात एका खोलीत राहायचो आणि दोन्ही वेळा बंदराच्या वाटेवरच्या खानावळीत जेवायचो.

डॉक्टर देशावरचे, नुकतेच इकडे आलेले. या रोगावर आता सुई निघाली आहे, पण ती मुंबईहून थंडाव्यात आणावी लागते आणि आगबोटी तर नारळी पौर्णिमेपर्यंत बंद, असं त्यांनी सांगितलं. तोवर दादाला जगवायचं ते ताटावरच. प्रत्येक अन्नाच्या उष्णतेचा एक आकडा असतो, त्याला कॅलरी म्हणतात, आणि एका जेवणात पाचशेच्या वर जायचं नाही. वाटीभर भाताचे इतके, खोबऱ्याच्या कातळीचे इतके, बांगड्याचे इतके, असा कागद त्यांनी लिहून दिला. घरी तराजू लावता येतो. खानावळीत पान पुढ्यात येतं ते सगळं शिजून, वाटून, कालवून. तिथे डोळ्यानेच अंदाज करायचा.

हे काम माझ्याकडे आलं याचा मला, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. मी भाताची मूद मोडून ती किती वाट्यांची ते बघायचो, कालवणातलं खोबरं जिभेवर घेऊन ठरवायचो, आणि आकडा वर गेला की दादाच्या पानातला अर्धा बांगडा उचलून माझ्या पानात घ्यायचो. दादा म्हणायचा, तुझं गणित सुटतंय आणि माझं धोतर. पंगतीतले लोक मला उंटावरचा शहाणा म्हणत. मी तिकडे लक्षच द्यायचो नाही.

पण आकडे बरोबर येत होते आणि दादा वाळत चालला होता. त्याची तहान भागत नव्हती. अंगठ्याला लागलेली ठेच पंधरा दिवस झाले तरी ओलीच होती. चूक भातातच आहे, वाढपी माझा डोळा चुकवून जास्त वाढतो, असा मला संशय आला. त्याच्याशी मी चारचौघांत भांडलो आणि दादाचा भात आणखी कमी केला. दादा पानातलं शेवटचं शीत वेचून उठायचा.

पेज मी हिशेबात धरलीच नव्हती. आमच्याकडे पेज म्हणजे जेवण नव्हे. तांब्याभर पेज पिऊन बसलेला माणूसही 'अजून जेवायचंय' असंच सांगतो. तापाला पेज, बाळंतिणीला पेज; पेजेनं कुणाचं वाईट झाल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं, आम्ही जेवणाचं सांगितलं.

खानावळवाल्या बाईला दादाचं अर्धं पान बघवायचं नाही. ती सकाळी आणि कचेरी सुटल्यावर त्याच्यासाठी उकड्या तांदळाची दाट पेज काढून ठेवायची. दादाला तहान लागली की पाण्याऐवजीही तीच द्यायची. "आजारी मानसाला पेजंशिवाय दुसरं काय देनार, मास्तर?" असं ती म्हणाली, आणि मी तिचे आभार मानले. पुढे दादाला चालवेना, तेव्हा तांब्या भरून खोलीवर मीच न्यायला लागलो.

श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आधीच एका दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा दादा हाकेला ओ देईना. श्वास खोल, ओढल्यासारखा चालला होता आणि त्याला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. डॉक्टर आले. त्यांनी खाण्याचं विचारलं, तेव्हा मी रोजचे आकडे लिहिलेली वही पुढे केली. त्यांनी ती चाळली, मान हलवली. मग उशाचा तांब्या उचलून विचारलं, "यात काय आहे?"

"काही नाही, पेज."

"कशाची?"

"तांदळाची," मी म्हणालो. वहीत पेजेचा एकही आकडा नव्हता.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पावसला निरोप धाडा, एवढंच ते म्हणाले. वहिनी खाडी उतरून आली तेव्हा दादा तिला ओळखत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर मी खोली आवरायला आलो, तर खानावळवाली बाई दारात उभी. दादाला पोटभर जेवू घालता आलं नाही, याचंच तिला वाईट वाटत होतं. मला तिचा राग येत होता, आणि माझा तर त्याहून जास्त. सगळं सांगून टाकावं असं मनात आलं.

ती डोळे पुसत म्हणाली, "शेवटाला पेज तरी येळेवर मिळत व्हती ना त्यांना?"

"हो," मी म्हणालो. "एकही दिवस चुकली नाही."