हळदीखाली थांबलेलं रक्त

हिच्या हृदयाचे ठोके मधूनच काही क्षण बेताल होतात आणि आपोआप सावरतात. डॉक्टर म्हणाले, “रक्त पातळ करायची गोळी घेतली तर हृदयात रक्ताची गुठळी होण्याची भीती कमी होईल, पण रक्तस्राव वाढू शकतो. विचार करून सांगा.”

आज विळीवर दोडका चिरताना हिचं बोट कापलं. तिने सवयीने हळद दाबली. मी पाहत राहिलो. रक्त थांबलं एकदाचं! बोटावर जी गुठळी आपल्याला सांभाळते, तशीच एखादी हृदयातून मेंदूत गेली तर?

तिने विळी धुतली आणि माझ्यापुढे सरकवली. “उद्यापासून गोळी घेते. यापुढे भाजी तुम्ही चिरायची.”

मी विळीवर बसलो. लग्नापासून घरात असलेल्या त्या पात्याची धार मला आज पहिल्यांदा दिसली.