पतंगाचं पोट

माझी सून अभयारण्यातले पतंग मोजते. दोरीचे नव्हेत, दिव्यावर झेपावणारे. वसाहतीत तिला पाखरूबाई म्हणतात. आधी कुचेष्टेनं म्हणायचे, तेव्हा मी भांडायचे. आता कौतुकानं म्हणतात, तरी माझा आवाज चढतोच. सवय लागली आहे.

जंगलात संध्याकाळी पांढरी चादर ताणायची, दिवा लावायचा आणि पहाटे चादरीवर बसलेल्या पतंगांचे फोटो काढून त्यांच्या नोंदी करायच्या, हे तिचं काम. जो ओळखू येत नाही तेवढाच परवान्यानिशी आणायचा. तिच्या संशोधन संस्थेत जागा अपुरी, म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तिचा. तिथे ती टाचणी टोचून, कागदाच्या पट्ट्यांखाली पंख पसरून बसते. त्या वेळी पंखा लावायची घरात कुणाची छाती नाही, माझीसुद्धा.

एकदा तिला राखाडी पंखांवर पिवळी किनार असलेला पतंग मिळाला. असा कुठल्याच पुस्तकात नव्हता. पण पंखांवर भागत नाही म्हणे. पोटाच्या टोकाला बारीक अवयव असतात, ते वेगळे निघाले तरच प्रजाती नवी. तिनं पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. या पतंगाच्या एकाही भाईबंदाशी जुळेना! संस्थेतले सर खूश, लेख तयार, आणि मी तर सगळ्या नातेवाइकांना फोन करून मोकळी.

मग एका संध्याकाळी ती टेबलाशी पतंगांची डबी पुन्हापुन्हा उघडून बघत बसली.

"आई, घोटाळा झालाय," ती म्हणाली. "येताना जीपच्या धक्क्यांनी डबीतल्या दोन पतंगांची, याची आणि दुसऱ्या एकाची, वाळलेली पोटं तुटली होती. मी अंदाजानं चिकटवली. उलटसुलट लागली असली तर?"

"तर काय होईल?"

"तर माझी नवी प्रजाती म्हणजे एकाचं धड आणि दुसऱ्याचं पोट."

माझा मुलगा म्हणाला, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. एक थेंब गोंद कोण बघायला येणार आहे?"

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्यानं भांडी घासायला गेला. तिनं तिथल्या तिथे सरांना फोन लावला आणि लेख मागे घेतला. तसाच दुसरा पतंग मिळेपर्यंत काही छापायचं नाही, असं ठरलं. तो मिळेलच याची खात्री कुणालाच नव्हती. फोन ठेवल्यावर ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुढच्या वर्षी नवा परवाना काढून ती, जिथे तो मिळाला होता, त्याच उतारावर गेली आणि हात हलवत परत आली. माझ्या नणंदेचा फोन आला, "काय वहिनी, सूनबाईंचं पाखरू उडालं वाटतं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी सुनेचाच फोन. "आई, चादरीवर बसलाय! अख्खा आहे!" मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारीण धावत आली.

या पतंगाचं पोट उघडल्यावर आतलं सगळं आधीच्यापेक्षा निराळंच निघालं. म्हणजे आधी खरंच दुसऱ्याचं पोट चिकटलं होतं. पण हेही माहितीतल्या एकाशीही जुळत नव्हतं. प्रजाती नवीच होती! लेख छापून आला, आणि त्यात तिनं गोंदाची गोष्ट स्वतःच्या हातानं, काही न लपवता लिहिली.

नणंदेचा फोन आलाच. "अभिनंदन हो. पण त्यात लिहिलंय, आधी सूनबाईंचं चुकलं होतं म्हणून?"

"हो, चुकलं होतं. जगात कुणाला कळलं नसतं, तिनं आपण होऊन सांगितलं. तुमच्या ओळखीत असा एक तरी माणूस आहे का, सांगा."



"सापडला की फोन करा," मी वर एवढं म्हटलं आणि फोन ठेवून दिला.