ऑपरेशनचं केळवण

लग्नाआधी मुलीचं केळवण करतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ऑपरेशनाआधी बाईचं केळवण करायची रीत मात्र सत्यवतीच्या सासरच्यांनी काढली, आणि ती इतक्या मनापासून पाळली की सत्यवतीला पळता भुई थोडी झाली.

सत्यवती अमरावती-परतवाडा गाडीवर कंडक्टर. वय त्रेचाळीस. तीन वर्षांपूर्वी तिचं वजन होतं एकशे आठ किलो. गाडीच्या मधल्या वाटेनं ती निघाली की दोन्ही बाजूंचे प्रवासी न सांगता खिडकीकडे सरकत. मग एक दिवस तिनं मनावर घेतलं. चालायला लागली, साखर सोडली, भजी सोडली आणि सत्तर किलोवर आली. चरबी गेली, पण कातडी कुठं जाणार? ती पोटावर घडी होऊन लोंबत राहिली. त्या घडीवर तिकिटाच्या मशीनचा पट्टा दिवसभर घासायचा. घाम, चट्टे, मग चिघळणं. मागच्या मे महिन्यात तर ती तिकिटं कमी फाडत होती, दात जास्त आवळत होती. "आता आनखी एक उन्हाळा मी असा काढत नाई," असं तिनं नवऱ्याला, गोपालला, ठणकावून सांगितलं आणि अकोल्याच्या डॉक्टर जेबांकडे नाव घातलं. सैल कातडी काढून शरीराला आकार देणाऱ्या डॉक्टर त्या.

डॉक्टरांनी फेब्रुवारीअखेरची तारीख दिली, पण अटींसकट. "सत्यवतीताई, कातडी काढणं माझं काम. जखम भरून आणणं तुमच्या शरीराचं काम. तर आधी त्याला तयार करा." वजन सत्तरच्या आसपास तीन महिने टिकवायचं. दर जेवणात डाळ, उसळ, अंडी, पनीर असं काहीतरी हवं. रक्त वाढवायचं. रोज चालायचं, मांड्या बळकट करायच्या. कारण नंतर दीड महिना वजन उचलायचं नाही, पोटावर जोर न देता मांड्यांच्या बळावरच उठायचं-बसायचं.

"उपवास करता?"

"जास्त नाई. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आन एकादशी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग जेवता कधी?"

सत्यवतीनं उपवास सोडले. परतवाड्याला गाडी थांबली की ती मागच्या सीटचा दांडा धरून उठाबशा काढायची. ड्रायव्हर धर्मपाल आरशात बघून मोजायचा, "अकरा... बारा... ताई, ते अर्धी होती, मी धरत नाई!" प्रवासी विचारायचे, "कंडक्टरबाईनं काय गुन्हा केला जी?" तेही सोसलं तिनं. सोसवलं नाही ते रविवारचं जेवण.

सुरुवात मूर्तिजापूरच्या पंचफुलाबाईंनी केली. या गोपालच्या थोरल्या बहीण, म्हणजे सत्यवतीच्या नणंद. ऑपरेशन ठरल्याचं कळताच त्यांनी पुरणपोळीचा घाट घातला.

"बाई, डॉक्टरनं गोड बंद केलं मले."

"डॉक्टर पोट कापनारच हाये ना? मंग आता खाल्लेलं बी त्यातच निंगून जाईन. वाढ व इकडे तूप!"

"कातडी कापते बाई, जेवन नाई कापत."

"दोन घास माह्या हातचे जड झाले का तुले?"

शेजारी गोपाल तिसऱ्या पोळीवर होता. तोंड भरलेलंच होतं, तरी तो म्हणाला, "खाऊन घे ना, बाईले वाईट वाटते." नवऱ्यांची ही जात मोठी दयाळू; बहिणीला वाईट वाटू नये म्हणून ते बायकोचंच काय, स्वतःचंही पोट पणाला लावतात.

एकीनं केलं म्हटल्यावर दुसरी मागं कशी राहील? पुढच्या रविवारी चुलतसासूकडे तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे, त्याच्या पुढच्या रविवारी मामेसासऱ्यांकडे श्रीखंड. प्रत्येक घरी तोच आग्रह, तोच रुसवा. सत्यवती सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभी राहायची. दीड किलो वर! मग सोमवार-मंगळवार नुसतं लिंबूपाणी आणि काकडी. काटा मुकाट खाली यायचा, सत्यवतीच्या जिवात जीव यायचा. रक्तवाढीची गोळीही ती नेमानं घ्यायची, डेपोतल्या कडक चहासोबत.

तपासणीच्या दिवशी ती अकोल्याला गेली तेव्हा वजन भरलं बरोबर सत्तर. तिनं डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू मेरिटात आलेली पोरगी.

डॉक्टर मात्र रक्ताचा रिपोर्ट वाचत होत्या. "हिमोग्लोबिन नऊ पॉइंट सहा. मागच्या वेळी अकरा होतं. ताई, केलं काय तुम्ही?"

सत्यवतीनं सगळं सांगितलं. पुरण, रोडगे, श्रीखंड, लिंबूपाणी, चहा.

"मी काटा सांभाळायला सांगितला नव्हता, शरीर सांभाळायला सांगितलं होतं. तुम्ही त्याला एक दिवस फुगवलं, दोन दिवस उपाशी ठेवलं. आणि ती गोळी चहासोबत घेतली की अंगाला लागत नाही. अशा अंगावर मी सुरी चालवणार नाही. दोन महिन्यांनी या."

दोन महिने म्हणजे एप्रिलची अखेर. म्हणजे ऑपरेशन होईस्तोवर तोच पट्टा, तोच घाम, तेच चट्टे.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. स्वतःचाच इतका राग आला होता की कोणावर काढावा कळेना. मूर्तिजापूर आलं तेव्हा कळलं. तिकीट अमरावतीचं होतं, तरी ती उतरली आणि तडक नणंदेच्या घरी गेली.

पंचफुलाबाई दारातच होत्या. "अवं, अचानक? थांब, शिरा टाकतो..."

"नका टाकू!" सत्यवती ओरडली. घरातलं मांजरसुद्धा उठून उभं राहिलं. "माही तारीख गेली बाई! तुमच्या पोळ्याइनं गेली आन माह्या अकलीनं गेली! उन्हाळा आला डोक्यावर, अन् मी तशीच! काहून चारून राहिले तुमी सगळे मले? काय वैर हाये माह्याशी?"

पंचफुलाबाई खाली बसल्या. पदराचं टोक चाळवू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "मले भेव वाटे व. एवढं मोठं पोट कापतीन... मानूस टेबलावरून उठलं नाई त? म्हून म्हटलं, गोडाधोडाचं खाऊन जाऊ दे."

सत्यवतीला हसावं की रडावं समजेना. तिनं दोन्ही थोडं थोडं केलं.

"म्हनजे तुमी माहं केळवन नाई, तेरवी करून राहिल्ता!"

"तोंडात आनू नको असं, माय!"

"मंग ऐका. मी मराले नाई चालली, बरी व्हाले चालली. तुमाले मी टेबलावरून उठाले पाह्यजे ना? त आज मले मोड आलेल्या मटकीची उसळ करा. पालक टाकून वरन करा. अन् दर रविवारी हेच. चहा नाई, शिरा नाई."

"हे जेवन हाये का? लोकं म्हनतीन, ननंदेनं भावजयीले दवाखान्याचं चारलं."

"म्हनू द्या."

मटकी घरात होती; गोपालच्या भाच्यांसाठी भिजवून मोड आणलेली. पंचफुलाबाईंनी पुटपुटत चूल पेटवली. तासाभरानं ताट समोर आलं. सत्यवतीनं उसळीची पहिली वाटी रागात संपवली, आणि दुसरी, कोणीही आग्रह न करता, मागून घेतली.

पंचफुलाबाईंनी सवयीनं तुपाचा गडवा उचलला. भावजयीकडे पाहिलं. मग एक मोठा सुस्कारा टाकून तो पुन्हा फळीवर ठेवला.