तात्यांची राहिलेली दाढी

रेवाचं दूध ओढणं थांबतं, पण ओठ सोडत नाहीत. दुपारचे अडीच वाजलेत. माझा डावा हात तिच्या डोक्याखाली अडकलाय, आणि उद्या प्रॅक्टिकल आहे. खऱ्या माणसाची दाढी, वस्तऱ्यानं, पंचवीस मिनिटांत.

आयटीआयमध्ये सराव फुग्यावर करतात. फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्यानं काढायचा. मी डावखुरी. डाव्या हातानं माझा एकही फुगा फुटत नाही. पण जगतापसर म्हणाले, "उजव्यानं कर गं. परीक्षक बाहेरचा आहे, डाव्या हातात वस्तरा बघून आधीच नाक मुरडेल." उजव्यानं आज चार फुटले.

पाच मिनिटं डोळे मिटावेत म्हणते, तर उशाशी कोणीतरी खाकरतं.

तात्या आहेत. माझे वडील. रेवा पोटात होती तेव्हा गेले. दाढी तीच, शेवटच्या वीस दिवसांची, दवाखान्यात वाढलेली. स्टँडसमोरच्या दुकानात चाळीस वर्षं गावाच्या दाढ्या केलेला माणूस तसाच गेला. मी खाटेपाशी वस्तरा घेऊन गेले होते. "डाव्या हाताखाली मान देऊ व्हय? लोक काय म्हणतील," म्हणाले. मी वस्तरा मिटून पर्समध्ये ठेवला.

"दुपारची झोपतीस काय? उद्या परीक्षा ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"फुगे फुटलेले ऐकू येतात तिकडं."

मी उठून बसते तर खाट दवाखान्याची आहे. तात्या तिच्यावर टेकतात, खाटेची पाठ मागं कलते, आणि ती दुकानातली खुर्ची आहे. बाहेर एसटीचा भोंगा पुकारतो, परीक्षार्थी वैजयंता राऊत, फलाट क्रमांक दोन. रेवा आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याला बिलगून निजलीय. पडणार नाही, हे मला माहीत आहे.

"मागं टेका," मी म्हणते.

"उजव्यानं करणार?"

"डाव्यानं."

"मग ऱ्हाऊ दे."

"तात्या, तेव्हा ऐकलं तुमचं. आता तुम्ही मेलायत, आता नाही ऐकणार."

"जिभेला दोन्हीकडनं धार हाय तुझ्या."

मी त्यांच्या उजव्या मुठीत वस्तरा देते, मूठ वर धरते. "समोर बघा. आरशातला माणूस कुठल्या हातात धरून बसलाय?"

तात्या बघतात. आरशातल्या तात्यांचा वस्तरा डाव्या हातात आहे.

"चाळीस वर्षं गिऱ्हाईक ह्याच आरशात बघत बसलं. गावानं तुमचा डावाच हात बघितला, तात्या. एक तरी उठून गेला?"

तात्या मूठ खाली करतात, परत वर, जणू आरशातला माणूस चुकतोय का ते तपासतात.

"हे कधी ध्यानातच आलं नाही बघ," म्हणतात. मग वस्तरा माझ्या डाव्या हातात देतात. "पाणी गरम घे. म्हाताऱ्याची कातडी सैल असते. उजव्यानं ताण धर."

आणि मान मागं टाकतात.

मी ताण धरते. वस्तरा कल्ल्यापासून उतरतो, खरखर आवाज येतो. फेस पुसायला टिश्यू शोधते. त्यावरच पुसायचं, नाहीतर मार्क जातात.

"हितं कोण मार्क देतंय? मनगटावर पूस."

पुसते. गळ्याच्या घाटीपाशी येते तेव्हा दोघंही श्वास रोखतो.

"भीती वाटते?" मी विचारते.

"मेलेल्याला कसली भीती? तवा वाटायची. माझी न्हवं, तुझी. पोरीला हसतील म्हणून."

"हसू द्या. वस्तरा माझ्या हातात आहे."

तात्या हसतात. वस्तऱ्याखाली हसू नये, त्यांनीच शिकवलंय. तरी कुठे लागत नाही.

रेवा रडते आणि मी जागी होते. तिला डाव्या कडेवर घेते, उजव्या हातानं फोन लावते.

"सर, उद्या सामानाची ट्रॉली माझ्या डाव्या बाजूला लागेल."

"अगं, पण परीक्षक—"

"त्यांना आरशात बघायला सांगा."

फोन कानाशी तसाच, आणि रेवा माझं उजवं मनगट बोटानं खरवडतेय. तिथं वाळलेल्या फेसाची रेघ आहे. रेघेत तीन आखूड, पांढरे केस.