आजारपणातलं भरीत

हसा तुम्ही, मी वाईट वाटून घेणार नाही. पण मी केलेला घोळ आधी ऐका आणि मग सांगा, माझ्याइतकी शहाणी बाई अख्ख्या जामनेर तालुक्यात सापडेल का!

मागच्या हिवाळ्यात माझा श्वास अडकायला लागला. अंगणातून ओट्यावर चढले की छातीवर कोणी जातं ठेवल्यासारखं. आडवं होता येईना. भिंतीला पाठ लावून बसायचं आणि पुढचा श्वास येतो का, याची वाट बघायची. शेवटी नेसवायचं लुगडंसुद्धा मी मनातल्या मनात निवडून ठेवलं होतं!

जामनेरचा डॉक्टर म्हणाला, रक्त कमी आहे. जळगावच्यानं छातीला तारा लावल्या, म्हणाला काळीज ठणठणीत. मग गुदमरते कशानं मी? तिसरा म्हणाला, "आजी, मनाला लावून घेऊ नका." श्वास येईना, आणि मनाला लावून घेऊ नको?

बरं, आजारी माणसाला भेटायला लोक येणारच. आणि हिवाळ्यात आमच्या दारचा पाहुणा भरीत न खाता गेला, तर भावकीत नाव राहील का? भरीत माझ्याच हातचं लागतं. घरामागच्या खळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळकी झाडं, पेटवायच्या, त्यात वांगी टाकायची, जाळ बसला की वाकून फुंकायचं. सुनेला, सुनंदाला, ते जमत नाही. तिची वांगी आतून कच्ची राहतात, असं मीच गावभर सांगितलेलं.

शिंदखेड्याहून मोठी बहीण आली. "माय वं! निम्मी व्हयी गई ना तू!" म्हणून गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून हळूच म्हणते, "भरीत करशी ना?"

केलं! संध्याकाळी श्वास असा अडकला, की बातमी पार पिंपळनेरपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी आणखी माणसं. आणखी माणसं म्हणजे आणखी वांगी!

शेवटी माझ्या मुलानं, भास्करनं, मला धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. म्हणाल्या, "या नळीत जोरात फुंका." मनात म्हटलं, फुंकण्यात तर जन्म गेला माझा! फुंकलं. मशीनला पत्ताच नाही. बाईंनी पुन्हा फुंकायला लावलं, तरी तेच. भास्कर खिडकीबाहेर बघायला लागला. तेव्हा मी खरी घाबरले.

"छातीतल्या नळ्या आकसल्यात. बिडी ओढता?"

"शिव शिव!"

"घरात चूल?"

"नाही हो बाई. भास्करच्या लग्नापासून गॅस आहे."

खोटं बोलले का मी? चूल ती चूल. खळ्यातल्या जाळाला कोणी चूल म्हणतं का?

औषधं झाली, गुण येईना. बाई म्हणाल्या, "काहीतरी निसटतंय. पुढच्या वेळी मुंबईला पाठवते. छातीत नळी घालून तपासावं लागेल." मला वाटलं, मुंबईहून काही मी परत येत नाही. जायच्या आधी त्या बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंना हातचं काहीतरी खाऊ घालावं.

पुढच्या वेळी धुळ्याला भरिताचा डबा नेला. बाईंनी बोटानं चाखलं, मग चमचाच मागवला.

"आजी, हा धुराचा वास कसा हो येतो? गॅसवर तर येत नाही."

मला काय, कोणी विचारायचाच अवकाश! "पऱ्हाट्यांचा जाळ लागतो बाई! आणि तिथून हलायचं नाही. डोळ्यांतून पाणी येवो, खोकला येवो, फुंकत राहायचं. आज पहाटे खास तुमच्यासाठी भाजलं!"

बाईंनी चमचा खाली ठेवला. भास्करनं कपाळावर हात मारला.

"आजी! चूल नाही म्हणालात ना?"

"नाहीच आहे. मी मातीवर जाळते."

मुंबई टळली. पण बाई म्हणाल्या, गेला श्वास आता परत यायचा नाही, उरलाय तो जपा. हातात औषध ओढायचा पंप दिला.

घरी गल्ली जमली होती. आजार सापडला म्हणताच मला भरून आलं. म्हटलं, "बसा गं, आता भरीत..."

सुनंदानं काडीपेटी उचलून कमरेला खोवली. आता देवाजवळ दिवा लावायचा तरी मला तिच्याकडे काडी मागावी लागते. भरीत तीच करते, गॅसवर. मी पंप ओढत ताटाची वाट बघते.

आणि तिची वांगी आतून कच्ची नसतात हो. कधीच नव्हती. गावभर सांगायला हवं, पण आता तेवढा श्वास कुठून आणू?