माळ्यावरचं गोणपाट

लालबागच्या आमच्या चाळीत पाळी लपवता येत नसे. खोली एकच, कावळा शिवला की बाईने दाराजवळच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं, आणि गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसायचं.

माझी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायचीच नाही. मग सासूबाई गोणपाट झटकून माळ्यावर टाकायच्या आणि माझ्या हातातली कळशी काढून घ्यायच्या. शेजारणी चिंच आणून द्यायच्या. मला त्या चिंचेचा संताप यायचा, तरी मी ती खायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात एकदा संचारबंदी लागली. गिरण्या बंद, त्यामुळे सासरे, दीर, नवरा सगळे घरात. तीन महिने चुकलेली माझी पाळी नेमकी तेव्हाच आली. मी सासूबाईंना हळूच सांगितलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि सगळ्यांदेखत गोणपाट खाली काढलं. पुरुष खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मूल झालंच नाही. सासूबाई गेल्या. पुढे पाळी कायमची थांबली, तेव्हा गोणपाट मीच माळ्यावर टाकलं. आणि स्टुलावरून जपून उतरले, पोटाला धक्का लागू नये म्हणून.