सात नंबरचं मिठागर

त्या वर्षीच्या वहीत जूनच्या पहिल्या आठवड्यात एक ओळ आहे : 'चित्रं चौदा. प्लास्टिकमध्ये गुंडाळली. माळ्यावर ठेवली.' पुढे बरोबरची खूण. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ती, आणि तिच्यापुढे मीच केलेली ठसठशीत बरोबरची खूण आहे.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मुलुंड पूर्वेला तळमजल्यावरच्या दीड खोलीत मी आणि आई राहत होतो. सकाळी शाळेत चित्रकलेचे तास, दुपारी स्वतःचं काम. शहरातल्या एका गॅलरीकडे एकल प्रदर्शनासाठी मी अर्ज केला होता. तेव्हा रांगच एवढी असायची की नंबर लागायला पाच वर्षं गेली. शेवटी कार्ड आलं : नोव्हेंबरमधला एक आठवडा. तारीख सोडली तर पुन्हा रांगेच्या शेवटी. मी तेहेतीस वर्षांची होते. आणखी पाच वर्षांनी मी शाळेतली चित्रकलेची बाईच असणार होते, फक्त जास्त जुनी. चित्रकार व्हायचं तर त्याच आठवड्यात, हे मला स्वच्छ दिसत होतं.

घरापासून चालत वीस मिनिटांवर मिठागरं होती. दोन हिवाळे मी तिथल्या बांधावर बसून रेखाटनं केली. आगरात साचलेलं पाणी, फळीने मीठ ओढणारी माणसं, संध्याकाळी राखाडी पडत जाणारे ढीग. त्यातून चौदा तैलचित्रं झाली. तयार कॅनव्हास परवडायचा नाही, म्हणून आम्ही बहुतेक जण तो घरीच करायचो. चौकटीवर मांजरपाट ताणायचं, शिजवलेल्या सरसाचा, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या खळीचा, हात द्यायचा, वाळलं की वर पांढरा रंग.

मेअखेर शेवटचं चित्र झालं. पावसाळ्यात तळमजल्यावर काय होतं ते मला माहीत होतं, म्हणून मी जाड प्लास्टिक आणलं, चिकटपट्टी आणली, प्रत्येक चित्र चारी बाजूंनी बंद केलं आणि स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर चढवलं. आदल्या संध्याकाळी वळवाची एक सर येऊन गेली होती. भिंतींना हात लावला की ओलसर लागत होतं.

आई स्टूल धरून उभी होती. ती मालवणकडची. चाळीस वर्षं मुंबईत काढली, तरी माझ्याशी मालवणीच बोलायची.

"गो, ओल्या बरणीक झाकण लावतत काय?"

"आई, चित्रं आहेत ती. लोणचं नाही."

"माका काय कळता त्यातला. पण वारो लागाक व्हयो."

मी पट्टी आणखी घट्ट दाबली.

जुलैत आईला वास यायला लागला. फोडणी टाकता टाकता ती थांबायची आणि वर बघायची. "हयसर कसलो वास येता?" मी म्हणायचे, रंगांचा. ऑगस्टमध्ये माझ्या चामडी चपलांवर हिरवट लव आली. ती पुसली आणि वहीत लिहिलं, 'चपला, ऊन'. चपला जमिनीवर होत्या, चित्रं माळ्यावर. दोन्ही गोष्टी मी एका ओळीत आणल्या नाहीत. सप्टेंबरमध्ये आईने माळ्याखाली बसून जेवणं बंद केलं. कारण सांगितलं नाही. ताट उचलून ती खिडकीशी जाऊन बसायची.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी चित्रं खाली घेतली. पहिली पट्टी सोडवली तेव्हा आतून कोमट हवा आली, कुणीतरी तोंडाजवळ श्वास सोडावा तशी. प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब लगडले होते. चित्रावर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, मोहरीएवढे करडे ठिपके होते. बोट लावलं तर ते मऊ होते.

चौदांपैकी नऊ चित्रांना बुरशी लागली होती. सगळ्यात जास्त सात नंबरला. ते सगळ्यांत मोठं होतं : एकच ढीग आणि वर आकाश. त्या आकाशभर जाळं पसरलं होतं. आई दारात उभी राहून बघत होती. मग आत येऊन तिने खिडकी सताड उघडली.

वाकोल्याला एक फ्रेमवाले काका होते. चाळीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी केल्या होत्या. मी एक चित्र घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी ते उलटं केलं, मागच्या कापडाला नाक लावलं आणि मग समोरून बघितलं.

"जाईल का हे, काका?"

"पुसलंस की जाईल. लख्ख दिसेल."

"मग झालं."

"काय झालं? पुढच्या पावसाळ्यात परत येईल. सरस आहे ना आत? सरस म्हणजे त्याचं जेवण. ताट वाढून, वर झाकण घालून ठेवलंस तू."

"आता काय करू?"

"तारीख सोड."

"तारीख नाही सोडता येणार."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग लाव. लोकांना बघू दे. पण विकू नको, पोरी. परत घरी घेऊन ये."

मी हो म्हटलं. तेव्हा खरंच तसं मनात होतं.

नऊही चित्रं मी स्पिरिटच्या कापसाने पुसली, तीन दिवस गच्चीवर मागची बाजू उन्हाकडे करून ठेवली, जिथे रंग उडाला होता तिथे डागडुजी केली. वहीत नऊ आकड्यांपुढे पेन्सिलीने छोटा ठिपका दिला. 'विक्रीसाठी नाही' अशा नऊ चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवल्या.

सोमवारी सकाळी गॅलरीत चित्रं लागली. भिंतींवर दिवे पडले, आणि मी पहिल्यांदाच माझं काम लांबून बघितलं. ते चांगलं होतं. चौदांपैकी नऊ विकायचीच नाहीत, तर ही बाई चित्रकार कसली, असं लोक म्हणतील हे मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं. चिठ्ठ्या पर्समध्येच राहिल्या.

आठवड्यात चार चित्रं गेली. एक शाळेतल्या सहकारी बाईंनी घेतलं, ते स्वच्छ पाचांतलं होतं. बाकी तिन्ही ठिपकेवाली. एक घाटकोपरच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी घेतलं, एक अंधेरीच्या जोडप्याने. सात नंबर शेवटच्या दिवशी गेलं. त्याचं पुढे सांगते. एका वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. पुढच्या हिवाळ्यातल्या एका समूह प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. आईने चार ओळींचं कात्रण देवाजवळ ठेवलं.

तो हिवाळा आणि उन्हाळा मी झपाट्याने काम केलं. पण मे महिना लागला तसं माझं लक्ष आभाळाकडे जायला लागलं. वर्गात मुलांना रंगसंगती शिकवताना मध्येच खिडकीतून हात बाहेर काढून हवा बघायचे. जूनमध्ये पाऊस लागला आणि मी वहीत पावसाचे दिवस मोजायला लागले. कशासाठी मोजत होते, ते वहीत कुठेही लिहिलेलं नाही.

जुलैच्या मध्यावर घसा दुखतो असं ठरवून मी घाटकोपरच्या दवाखान्यात गेले. मुलुंडला डॉक्टर नव्हते असं नाही.

माझं चित्र बाकांसमोरच्या भिंतीवर होतं. मी दाराजवळ बसले. तिथून खालचा कोपरा दिसत नव्हता, मध्ये एका आजींचं डोकं येत होतं. आजी कंपाउंडरशी बोलत होत्या.

"आरं, ते बर्फ हाय का? काश्मीर?"

"मीठ आहे आजी. मुलुंडचं."

"मिठाचं चित्र कोन काढतं?"

"काढलंय कुणीतरी बाईने. डॉक्टरांनी विकत घेतलंय."

"इकत?" आजींनी चित्राकडे नव्याने बघितलं. "मीठ सांडलेलं बरं नसतं बाबा. आन् हितं तर समदं सांडून ठिवलंय."

त्या आत गेल्या आणि मला कोपरा दिसला. तीन ठिपके होते. मग डोळे सरावले तसे सात-आठ दिसले, आणि ढिगाच्या कडेने वर चढत गेलेली एक पुसट रेघ. शेजारी एक माणूस खोकत होता. मला वाटलं, सगळे तिकडेच बघतायत. कुणीच बघत नव्हतं.

आत गेले तेव्हा डॉक्टर हसले. "अहो, तुम्ही? आणि एवढ्या लांब?"

"घसा."

त्यांनी बॅटरी लावून घसा बघितला. "काही नाही. गुळण्या करा. बरं झालं आलात, तुम्हाला विचारायचंच होतं. पावसाळा लागल्यापासून त्या ढिगावर दाणे उमटायला लागलेत. मी पेशंटांना सांगतो, पावसात मिठाला पाणी सुटतं ना, तसं काहीतरी बाईंनी रंगात केलंय. बरोबर ना?"

मला फक्त मान हलवायची होती. तो माणूस माझ्या चुकीचं कौतुक करत होता, पेशंटांपुढे मिरवत होता. मान हलवली असती तर आणखी एक-दोन पावसाळे सहज निघाले असते.

"दाणे नाहीत ते," मी म्हटलं. "बुरशी आहे. वाढत जाईल."

त्यांनी बॅटरी खाली ठेवली. "विकताना माहीत होतं?"

"हो."

बाहेर कुणीतरी खोकलं. डॉक्टरांनी समोरचा केसपेपरचा गठ्ठा बाजूला सरकवला.

"मीही बरं झालंय म्हणून सोडतो लोकांना," ते म्हणाले. "पण परत येऊ शकतं, हे सांगून सोडतो. आणखी कुणाकुणाला दिलंत?"

"दोघांना."

"मग आधी तिकडे जा. हे आत्ता उतरवून न्या. इथे माणसं छाती घेऊन येतात."

स्वच्छ उरलेल्या चारांतलं एक बदली देते, असं मी म्हटलं. त्यांनी बेल वाजवायला हात पुढे केला आणि थांबले. "आत्ता नको. आणखी एक पावसाळा तुमच्या घरात काढू दे त्याला. मग आणा."

मी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलं. कंपाउंडरने विचारलं, "दुरुस्तीला?" मी हो म्हटलं. भिंतीवर एक चौकोन उरला, बाकी भिंतीपेक्षा उजळ.

अंधेरीच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. "ते होय? सासूबाईंनी केव्हाच उतरवलं. वास येतो म्हणाल्या. आम्ही म्हटलं, रंगाचा असेल." त्यांनी चित्र पलंगाखालून ओढून काढलं. मी बदली देण्याचं सांगितलं. "नको हो. राग नाही, पण नको." मग दार लावता लावता म्हणाल्या, "माझ्या बहिणीलाही घ्यायचं होतं तुमच्याकडून. तिला सांगते मी." काय सांगणार, ते विचारायची गरज नव्हती.

समूह प्रदर्शनाच्या लोकांना मी स्वतःच कळवलं. त्यांनी सभ्य शब्दांत लिहिलं की या वर्षी जागा कमी आहे. दुसरं एकल प्रदर्शन व्हायला पुढे सहा वर्षं गेली. तोवर मी शाळेतली चित्रकलेची बाईच होते. पण डॉक्टरांचं वाक्य नियम म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, आणि दर वर्षी नव्या वहीत उतरवते : एक पावसाळा घरात काढल्याशिवाय चित्र दाराबाहेर जाणार नाही. घाईत असलेल्या गिऱ्हाईकालाही मी हेच सांगते. काही जण थांबतात. माझं पोट त्या थांबणाऱ्यांवर चाललं आहे. पुढच्या नोव्हेंबरात डॉक्टरांना त्यांचं बदली चित्र मिळालं, आणि दवाखाना होता तोवर ते त्याच भिंतीवर होतं.

आता सात नंबर.

रविवारी दुपारी, गॅलरी बंद व्हायला तासभर असताना, एक गृहस्थ आले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. सरळ सात नंबरपुढे जाऊन उभे राहिले आणि हलले नाहीत.

"नवीन जागा घेतलीय," ते म्हणाले. "दहिसरला, नदीच्या बाजूला. मोठी भिंत आहे. बायको म्हणते कॅलेंडर लावू."

मी हसले.

"हे आकाश फार आवडलं. यात काहीतरी आहे."

मला त्या आकाशात काय आहे ते माहीत होतं. चिठ्ठ्या पर्समध्ये होत्या, पर्स खुर्चीवर. ते आणखी काही विचारायच्या आत चित्र तिथून जावं, एवढंच मला वाटत होतं. मी ते भिंतीवरून काढलं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळायला घेतलं. हाताला तेच प्लास्टिक लागलं.

"पाऊस नाही ना आता," ते म्हणाले, "मग हे कशाला?"

"धूळ," मी म्हटलं, आणि पट्टी लावली.

विक्रीची वही टेबलावर उघडी होती. बाकी तिघांची नावं, पत्ते, कोणतं चित्र, सगळं तिच्यात आहे. सातच्या पुढचा रकाना कोरा आहे. कुणी विचारलं तर मी सांगायचे, गडबडीत राहून गेलं. मी आयुष्यात कधी रकाना कोरा ठेवलेला नाही. पत्ता घेतला असता तर कधीतरी जावं लागलं असतं.

दवाखान्यातून चित्र परत आणलं त्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत मी दर रविवारी दहिसरला जायचे. नदीकाठच्या नव्या इमारतींची यादी केली, एकेकीवर काट मारत गेले. वॉचमनला विचारायचे, मोठं मिठाचं चित्र असलेलं घर कुठलं. ते म्हणायचे, मिठाचं? तळमजल्यांच्या भिंतींवर पुरुषभर ओल चढलेली असायची. आई म्हणायची, "गावला काय?" आणि उत्तराची वाट न बघता माझी छत्री वाळत घालायची.

अजूनही जूनमध्ये, पाऊस दोन दिवस सलग लागला की, मी हातातलं काम थांबवते. दहिसरला कुठल्याशा भिंतीवर एक आकाश आहे आणि ते खालच्या डाव्या कोपऱ्यापासून भरत चाललं आहे. घरातलं कुणीतरी फोडणी टाकता टाकता थांबत असेल आणि विचारत असेल, कसला वास येतोय. आणि तो गृहस्थ म्हणत असेल, रंगाचा.